'परूज' केले म्हणजे नेमके काय केले?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांच्या असून डोंबिवलीला राहतात आणि फोर्टमधील एका मालमत्ता सल्लागाराच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करतात. दहावीपर्यंतचे त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पुढे त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. एका रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांच्या वरिष्ठांनी एका व्यावसायिक जागेच्या लीव्ह अँड लायसन्स कराराचा ३४ पानी मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, 'प्लीज परूज (peruse) अँड रिव्हर्ट बाय मॉर्निंग.' फोनमधील शब्दकोशात 'परूज' या क्रियापदापुढे 'चाळणे' असा अर्थ मिळाल्यामुळे त्यांनी सकाळच्या लोकलमध्ये मसुदा चाळला आणि 'परूज्ड, ऑल ओके' असे उत्तर पाठवले. दुपारच्या बैठकीत ग्राहकानेच दाखवून दिले की लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्यात जागा सोडता येत नाही तो, कराराच्या मुख्य भागात २४ महिने आहे आणि परिशिष्टात ३६ महिने. वरिष्ठ सर्वांसमोर म्हणाले, 'परूजचा अर्थ तरी माहीत आहे का?' शेजारच्या सहकाऱ्याने हसत जोड दिली, 'मराठी मीडियम आहे, सर.' आता त्या विचारतात: शब्दकोशांत 'चाळणे' आणि 'बारकाईने वाचणे' असे दोन्ही अर्थ आहेत, तर चूक कोणाची? शब्दकोशाचा स्क्रीनशॉट साहेबांना दाखवावा का? ४०,००० रुपये भरून इंग्रजीचा क्लास लावावा, की यापुढे असे जड शब्द वापरणेच सोडून द्यावे?

उत्तर:

शब्दाचा निवाडा आधी करू, कारण तो डोक्यातून गेल्याशिवाय तुम्हाला पुढचे काही ऐकावेसे वाटणार नाही. आपल्याकडे पुष्कळ लोक हा शब्द 'पेरूज' असा उच्चारतात आणि मराठी कानाला त्यात पेरू ऐकू येतो. इंग्रजीत तो साधारण 'परूझ' असा आहे, जोर दुसऱ्या अक्षरावर. ऑक्सफर्डच्या शब्दकोशांत त्याचा अर्थ लक्षपूर्वक, बारकाईने वाचणे किंवा तपासणे असा दिलेला आढळतो, आणि 'वरवर पाहणे' या अर्थाने त्याचा उपयोग चुकीने केला जातो अशी सूचनाही सोबत असते. अमेरिकेतील मेरियम-वेबस्टर मात्र बारकाईने तपासणे आणि सहज नजर फिरवणे हे दोन्ही अर्थ नोंदवतो. म्हणजे एकाच क्रियापदाला एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले दोन अर्थ आहेत, आणि तुमच्या फोनने त्यांतला एक तुमच्या हातात ठेवला.

या शब्दाचा मागोवा घेतला तर त्याचे पारडे तुमच्या साहेबांच्या बाजूला झुकते हे मान्य करायला हवे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा संबंध वाचण्याशी नव्हताच. 'पर' म्हणजे पूर्णपणे आणि 'यूज' म्हणजे वापरणे, अशा जोडणीतून एखादी वस्तू वापरून वापरून संपवणे, झिजवणे असा तो अर्थ होता. पुढे एखाद्या गोष्टीतून कडेपर्यंत जाणे, ती निरखणे, तपासणे आणि मग वाचणे असा त्याचा प्रवास झाला. शेक्सपिअरने १६०० च्या आसपास लिहिलेल्या 'हॅम्लेट'मध्ये हे क्रियापद अगदी मोक्याच्या जागी आले आहे. राजा क्लॉडियस आपला कट लेआर्टीसला समजावून सांगतो, त्यात द्वंद्वासाठी ठेवलेल्या बोथट तलवारींमध्ये एक धारदार तलवार मिसळायची असते. हॅम्लेटच्या ते लक्षात येणार नाही, कारण तो मोकळ्या मनाचा आणि बेसावध आहे, तो तलवारी 'परूज' करणार नाही, असे राजाला वाटते. त्याचा अंदाज खरा ठरतो आणि हॅम्लेटचा जीव जातो. तिथे नजर हॅम्लेटनेही टाकली असेलच. राहिले ते निरखून पाहणे. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशात मात्र पहिला अर्थ नुसता 'वाचणे' असा दिला आणि मग 'पाहणे, तपासणे' असा दुसरा. वाचन सावकाश की घाईचे, हे त्याने त्या पहिल्या अर्थात घातले नाही, आणि मला वाटते पुढचा घोळ याच मोकळ्या जागेत वाढला.

तो कसा वाढला असावा याचा माझा एक तर्क आहे. हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही. तो भेटतो तो पत्राच्या शेवटच्या ओळीत: 'फॉर युअर काइंड परूजल'. ज्याला असे पत्र येते तो जोडपत्रावर एक नजर टाकतो आणि कागद बाजूला ठेवतो. शब्द असाच, कोणीही नीट वाचत नसलेल्या कागदांच्या सोबतीने, वर्षानुवर्षे कानांवर पडत राहिला तर त्याचा अर्थ 'नजर टाकणे' असाच असणार, असे कोणालाही वाटेल. शब्दाला संगतीचा दोष लागतो तो असा.

मराठीला यात नाक मुरडायला जागा नाही. 'चाळणे' हेच क्रियापद घ्या, जे तुमच्या फोनने दिले. पीठ चाळतो तेव्हा एकही खडा, एकही सोंडा खाली जाऊ नये म्हणून चाळतो. पुस्तक चाळतो तेव्हा मात्र पाने फडफडवतो आणि बंद करतो. क्रियापद एक, हातवारे वेगळे. 'जरा नजरेखालून घाल' हे त्याहून फसवे आहे. आईने निवडलेले तांदूळ नजरेखालून घालायला सांगितले तर एकेक दाणा पाहणे अपेक्षित असते, आणि मित्राने लग्नाच्या छायाचित्रांचा गठ्ठा नजरेखालून घालायला दिला तर दहा मिनिटांत तो परत दिलेला बरा. इंग्रजी 'स्कॅन'चीही हीच गत आहे. मुळात कवितेच्या ओळीतील वृत्ताची मोजणी करण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द पुढे 'बारकाईने न्याहाळणे' झाला आणि विसाव्या शतकात 'भरभर नजर फिरवणे'ही झाला. केईएम रुग्णालयातला स्कॅन आणि 'सकाळी पेपर स्कॅन केला' यातला स्कॅन यांचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही, तरी आपला गोंधळ होत नाही, कारण प्रसंग आपल्याला अर्थ सांगतो. तुमच्या बाबतीत प्रसंग काय सांगत होता, याकडे मी येतेच.

त्याआधी ते 'मराठी मीडियम'चे प्रकरण. तुमच्या पत्रातील सर्वांत लांब परिच्छेद त्यावर आहे आणि त्यात तुम्ही गृहीत धरले आहे की इंग्रजी माध्यमात शिकला असता तर ही चूक घडली नसती. या गृहीतकाला मला आधार दिसत नाही. 'परूज'चा वरवरचा अर्थ मेरियम-वेबस्टरने डोंबिवलीवरून घेतलेला नाही; ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे असंख्य लोक तो शब्द तसा वापरतात म्हणूनच तो कोशात गेला. विन्स्टन चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धावरील आपल्या आठवणींत एक किस्सा नोंदवला आहे. एका बैठकीत ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीचे म्हणून 'टेबल' करायचे होते. अमेरिकी अधिकारी अडून बसले की विषय इतका महत्त्वाचा आहे की तो 'टेबल' करूच नये. लांबलचक आणि काहीशी कडवट चर्चा झाल्यावर उलगडा झाला की ब्रिटिश इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ चर्चेसाठी मांडणे असा आहे आणि अमेरिकी इंग्रजीत तो बाजूला ठेवून देणे असा. दोन्ही बाजूंना हवे होते ते एकच. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे पटलावर ठेवतात ती ब्रिटिश अर्थाने. त्या बैठकीत कोणाचेच माध्यम मराठी नव्हते. तुमच्याच कार्यालयात 'लोन सँक्शन झाले' म्हणताना मंजुरी अभिप्रेत असते आणि वर्तमानपत्रात एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले जातात तेव्हा बंदी; तुमचा हसणारा सहकारी हे दोन्ही अर्थ रोज पचवत असेल आणि त्याला ते जाणवतही नसेल.

तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेत तुम्ही नापास झालेल्या नाही. पण तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मी न सांगता पुढे गेले तर हे उत्तर खुशामतीचे होईल.

तुमचे पत्र मी बारकाईच्या अर्थाने परूज केले. सुरुवातीला तुम्ही लिहिता, 'लोकलमध्ये मसुदा चाळला.' दोन परिच्छेदांनंतर, बैठकीचे वर्णन करताना लिहिता, 'मी मसुदा नीट वाचला होता, पण…' आणि शेवटी, 'पूर्ण वाचायला वेळच मिळाला नाही.' एकाच सकाळच्या एकाच वाचनाचे तुम्ही तीन वेगवेगळ्या प्रकारे वर्णन केले आहे, तेही स्वतःच्या मातृभाषेत, जिथे शब्दकोशाची गरज नव्हती. तुम्ही खोटे बोलत आहात असे मी मुळीच म्हणत नाही. अपमान झाल्यावर आपण प्रसंग स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो आणि दर वेळी तो थोडा बदलतो. पण डोंबिवलीहून उभ्याने प्रवास, दादरला मिळालेली जागा, मग सीएसएमटीपर्यंतची काही मिनिटे आणि फोनच्या पडद्यावर ३४ पाने, हे चित्र तुम्हीच रेखाटले आहे. त्या पडद्यावर एका वेळी फार तर अर्धे कलम दिसते. परिशिष्टातील आकडा आणि अकराव्या पानावरील आकडा तिथे कधीच शेजारी येणार नाहीत. 'परूज'चा खरा अर्थ तुम्हाला आदल्या रात्री माहीत असता, तरी लोकलमध्ये तो मसुदा त्या अर्थाने वाचून झाला असता का? माझ्या मते नाही. फरक एवढाच पडला असता की 'ऑल ओके' लिहिताना तुमचा हात अडखळला असता.

मी हे थोड्या अनुभवाने बोलते आहे. तरुणपणी गिरगावातील एका छापखान्यात मी मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासत असे. एका लग्नपत्रिकेत तारीख बरोबर आणि वार चुकीचा राहिला. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर वधूच्या काकांच्या ते लक्षात आले. मालकांनी मला बोलावून विचारले, 'बाई, ही वाचली होती ना?' माझ्या तोंडून उत्तर गेले, 'पाहिली होती.' ते काहीच बोलले नाहीत. नवा कागद मागवला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर एक जाड पुठ्ठ्याची पट्टी आली. वाचत असलेल्या ओळीच्या खाली ती धरायची आणि ओळ संपली की खाली सरकवायची. पहिले काही दिवस मला ती शाळकरी वाटली. नंतर लक्षात आले की पट्टी नसली की डोळा पुढच्या ओळीवर उडी मारतो आणि जे लिहिलेले असायला हवे तेच वाचतो, जे लिहिले आहे ते नव्हे.

आता साहेबांच्या वाट्याचे. रात्री साडेनऊला ३४ पाने पाठवून सकाळपर्यंत उत्तर मागणारा माणूस 'परूज' हा शब्द कितीही शुद्ध अर्थाने वापरत असला, तरी त्याने कामाचे स्वरूप सांगितलेले नाही. तुम्ही भाषा तपासायची होती, आकडे जुळवायचे होते, की ग्राहकाने सांगितलेल्या अटी आल्या आहेत का ते पाहायचे होते? (त्यांच्या निरोपातील 'रिव्हर्ट'ही आपल्या कार्यालयीन इंग्रजीत 'उत्तर देणे' झाला आहे, एरवी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे. त्या न्यायाने साहेबांनी तुम्हाला सकाळपर्यंत पूर्वस्थितीला जायला सांगितले होते. पण हे त्यांना सांगू नका.) याबाबतीत आपल्या सरकारी मराठीची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा नस्त्यांवरचे, म्हणजे फायलींवरचे, शेरे पाहावेत. कागद वर पाठवताना तिथे 'माहितीस्तव', 'अवलोकनार्थ', 'अभिप्रायार्थ', 'मान्यतेसाठी', 'आदेशार्थ' असे लिहितात. 'परूजल'ला समांतर शब्द त्यात 'अवलोकन' हाच, आणि तो इंग्रजीइतकाच पातळ झाला आहे. अवलोकनार्थ आलेल्या कागदावर सही करून तो पुढे सरकवला तरी चालते असे मानणारे कमी नाहीत. पण 'अभिप्रायार्थ' आलेल्या कागदावर काहीतरी लिहावेच लागते. कागद कशासाठी आला आहे हे एका शब्दात कळते, ही सोय तुमच्या फोर्टच्या कार्यालयात नाही. ती प्रश्न विचारून करून घ्यावी लागेल.

स्क्रीनशॉटविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो दाखवू नका. तो खोटा आहे म्हणून नव्हे. तुम्ही तो पुढे केलात की चर्चा शब्दाच्या अर्थावर जाईल, त्यात तुम्ही जिंकालही, आणि तेवढ्याने साहेबांच्या मनात असे बसेल की आकडे जुळत नव्हते या गोष्टीला तुमच्याकडे उत्तर नाही. २४ आणि ३६ महिन्यांतला फरक शब्दकोशाचा नाही. महिन्याचे शुल्क दीड लाख रुपये धरले तर १२ महिन्यांचे १८ लाख होतात, आणि लॉक-इनमध्ये जागा सोडायची म्हटली तर तेवढ्यावर भांडण उभे राहते. असा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सर्वसाधारणपणे लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी झाल्यावर चूक सापडली असती तर दोन्ही पक्षांना पुन्हा एकत्र आणून चूकदुरुस्ती लेख करावा लागला असता. ती मसुद्यातच सापडली, म्हणजे नुकसान तुमच्या मनाखेरीज कोणाचे झाले नाही.

त्याऐवजी साहेब एकटे असताना, चहाच्या सुमारास, दोन वाक्ये बोला: 'सर, त्या दिवशी मसुदा मी प्रवासात एकदाच वाचला होता, नावे, तारखा आणि रकमा पाहिल्या होत्या, पण कलमे परिशिष्टाशी ताडली नव्हती आणि तसे मी कळवायला हवे होते. यापुढे मसुदा आला की काय काय तपासले ते मी उत्तरात लिहीन, आणि तुम्हाला त्यात नेमके काय हवे ते सांगितलेत तर बरे होईल.' शब्दाचा विषय त्यांनी काढला तरच सांगा की तुम्ही तो दुसऱ्या अर्थाने घेतला होता. त्यांनी काढला नाही तर राहू द्या.

आणि पुढच्या वेळी असाच निरोप आला तर 'परूज्ड' हा एक शब्द परत पाठवू नका, मग अर्थ कोणताही असो. 'पाने १ ते ३४ वाचली; रकमा व तारखा मुख्य भाग आणि परिशिष्टात जुळवून पाहिल्या; कलम १४ मधील देखभालखर्चाची भाषा मला कळली नाही; सोबतचा नकाशा उघडला नाही,' असे उत्तर लिहिले तर ते मराठीत असो वा इंग्रजीत, त्याचे दोन अर्थ होत नाहीत. वेळच नसेल तर रात्रीच लिहा: 'सकाळपर्यंत एकदा वाचून होईल, ताडून पाहायला दुपारचे १२ वाजतील.' असे लिहायला धैर्य लागते हे मला ठाऊक आहे. तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही की तुम्ही वेळ वाढवून मागण्याचा विचार केला होता. शब्दाचा अर्थ मात्र तुम्ही रात्री दहा वाजता शोधलात.

करार वाचण्याची रीत म्हणाल तर मी वकील नाही, पण मुद्रिते तपासणाऱ्याची रीत इथे चालते. मसुदा कागदावर छापून घ्या. फोनवर वाचलेल्याला वाचन समजू नका. पहिल्या खेपेला अर्थाच्या मागे न लागता फक्त आकडे घ्या: प्रत्येक रक्कम, तारीख, महिने, चौरस फूट पेन्सिलीने गोल करा आणि वेगळ्या कागदावर पानांच्या क्रमांकासह उतरवा. एकच गोष्ट दोन ठिकाणी आली असेल तर ती शेजारी शेजारी लिहा. तुमच्या लॉक-इनची चूक एवढ्यानेच, एकही कलम न समजता, पाच मिनिटांत उघडी पडली असती. अंकात आणि अक्षरात लिहिलेली रक्कम जुळते का तेही पाहा. दुसऱ्या खेपेला परिशिष्टे आधी वाचा आणि मग मुख्य करार, कारण सगळ्यांचे लक्ष सुरुवातीला ताजे असते आणि चुका शेवटी जाऊन बसतात. मसुदा जुन्या करारावरून तयार केलेला असेल, आणि बहुतेक वेळा असतोच, तर जुन्या ग्राहकाचे नाव किंवा पत्ता कुठे शिल्लक राहिला आहे का ते शोधा. शक्य असेल तर सहकाऱ्याला एक प्रत देऊन आकडे मोठ्याने वाचायला सांगा आणि दुसरी तुम्ही डोळ्यांनी पाहा. छापखान्यात आम्ही दोघीजणी असेच बसत असू, आणि कानाला पकडता येणारी चूक डोळ्याला दिसत नाही हे मी अनेकदा पाहिले आहे.

जड शब्द सोडून द्यावेत का, या प्रश्नाचे उत्तर शब्दागणिक वेगळे आहे. 'इंडेम्निटी' (नुकसानभरपाईची हमी) किंवा 'लॉक-इन' हे शब्द तुमच्या व्यवसायाची हत्यारे आहेत, ते सोडून चालणार नाही. त्यांचा अर्थ पक्का करा. 'परूज' तसा नाही. तो काढून 'रीड' किंवा 'चेक' लिहिले तर काहीच बिघडत नाही, उलट कळते. हे तुमच्यासारख्या अनेकांना लागू आहे, आणि गृहनिर्माण संस्थांच्या चिटणिसांना तर विशेष. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधी ताळेबंद 'आपल्या अवलोकनार्थ' म्हणून दारात येतो आणि चप्पलस्टँडवर पडून राहतो. 'पान ४ वरील दुरुस्ती निधीचा आकडा पाहून सभेला या,' असे लिहिले तर निदान चार सभासद पान ४ उघडतील. शब्दाचा अर्थ मात्र दोन भाषांच्या कोशातील एका ओळीवरून ठरवू नका. इंग्रजी-इंग्रजी कोशात त्याची उदाहरणवाक्ये वाचा, आणि अर्थ दोन निघाले तर पाठवणाऱ्यालाच विचारा. विचारल्याने अज्ञान दिसेल ही भीती तुम्हाला वाटते, पण ३४ पानांच्या मसुद्यावर 'सर, आकडे ताडून पाहू का?' असे विचारणारी व्यक्ती कोणालाच अडाणी वाटत नाही.

सहकाऱ्याला सर्वांसमोर उत्तर देण्याची वेळ निघून गेली आहे आणि ते बरेच झाले. तो जिन्यात किंवा लिफ्टपाशी एकटा भेटला तर एवढेच म्हणा की कामातल्या चुकीवर तो कितीही बोलला तरी चालेल, शाळेवर बोललेले चालणार नाही. त्यानंतरही त्याने तसे केले तर तो विषय थट्टेचा राहत नाही आणि तो साहेबांच्या कानावर घालायला तुम्ही मोकळ्या आहात.

राहिला क्लास. तुम्हाला इंग्रजीत मोकळेपणाने बोलता यावे असे वाटत असेल तर जरूर लावा, ती इच्छा चांगली आहे. पण या प्रसंगावरचा उपाय म्हणून लावत असाल तर थांबा, कारण तिथे संभाषण शिकवतील, परिशिष्ट ताडून पाहायला शिकवणार नाहीत. त्यासाठी तुमच्याच कार्यालयाच्या कपाटातील नोंदणी झालेले पाचसहा करार साहेबांच्या परवानगीने जेवणाच्या सुट्टीत एकेक करून वाचले तर अधिक उपयोग होईल आणि खर्च पेन्सिलीचा येईल. तुम्ही क्लासचे चार पानी माहितीपत्रक पत्रासोबत जोडले आहे आणि आगाऊ रक्कम या महिन्याअखेर भरायची आहे असेही लिहिले आहे. मी ते पट्टी धरून वाचले. पहिल्या पानावर अभ्यासक्रम ३ महिन्यांचा आहे आणि शुल्क 'सर्व समाविष्ट' आहे; चौथ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत, तोच अभ्यासक्रम १० आठवड्यांचा आहे, आणि पुस्तके व परीक्षा यांचे शुल्क वेगळे आहे. पैसे भरण्याआधी यांतले कोणते पान खरे, ते त्यांच्याकडून लेखी घ्या.